हान्स क्रिस्तियान याकोबेउस

हान्स क्रिस्तियान याकोबेउस (२९ मे, इ.स. १८७९ – २९ ऑक्टोबर, इ.स. १९३७) हे स्वीडनमधील वैद्यकतज्ज्ञ, संशोधक आणि स्टॉकहोम येथील कारोलिन्स्का संस्थेतील प्राध्यापक होते. जिवंत माणसाच्या छातीच्या पोकळीत बारीक नळीची दुर्बीण घालून फुप्फुसावरण प्रत्यक्ष पाहण्याच्या पद्धतीचे, म्हणजे थोरॅकोस्कोपीचे किंवा वक्षदर्शनाचे, ते जनक मानले जातात. उदरपोकळीची दुर्बिणीतून तपासणी माणसांवर पद्धतशीरपणे करण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. छातीत जमलेले पाणी क्षयाचे आहे की अन्य रोगाचे, हे ओळखण्याच्या गरजेतून त्यांनी छातीची तपासणी सुरू केली. पुढे हीच दुर्बीण फुप्फुसक्षयाच्या उपचारासाठी जगभर वापरली गेली, क्षयावर औषधे निघाल्यावर बहुतेक ठिकाणी अडगळीत पडली आणि काही दशकांनी पुन्हा मूळच्या निदानकार्याकडे वळली.

जन्म आणि शिक्षण

याकोबेउस यांचा जन्म स्वीडनच्या दक्षिणेकडील स्कोने प्रांतातील स्कारहुल्त येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत घेतले. आरंभीच्या काळात त्यांचा ओढा विकृतिशास्त्राकडे, म्हणजे रोगामुळे शरीराच्या ऊतींत होणाऱ्या बदलांच्या अभ्यासाकडे होता. स्तनाग्राच्या त्वचेवर दिसणाऱ्या पॅजेट विकाराविषयीचा त्यांचा निबंध इ.स. १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्वचेवर दिसणारा हा विकार मुळात आतील दुग्धनलिकांच्या कर्करोगातून उद्भवतो, असे मत त्यांनी त्यात मांडले होते. पृष्ठभागावर दिसणाऱ्या लक्षणाचे मूळ आत शोधण्याची ही दृष्टी त्यांच्या पुढील कार्यातही दिसते.

यानंतर ते अंतर्वैद्यकाकडे वळले. इ.स. १९१६ मध्ये त्यांची कारोलिन्स्का संस्थेत प्राध्यापकपदी नेमणूक झाली. स्टॉकहोममधील सेराफिमर रुग्णालय हे त्यांच्या कार्याचे एक प्रमुख केंद्र होते. ते शल्यचिकित्सक नव्हते ही गोष्ट महत्त्वाची आहे. छातीत छिद्र पाडून आत पाहण्याची पद्धत एका अंतर्वैद्यकतज्ज्ञाने रूढ केली आणि तीही प्रथमतः उपचारासाठी नव्हे, तर निदानासाठी.

पार्श्वभूमी

प्रत्येक फुप्फुसाभोवती दोन पदरांचे पातळ आवरण असते. एक पदर फुप्फुसाला चिकटलेला, तर दुसरा छातीच्या भिंतीला आतून लागलेला असतो. या दोहोंमध्ये निरोगी अवस्थेत अत्यल्प द्रव असतो. आवरणाला सूज आली की हा द्रव वाढतो आणि फुप्फुस दाबले जाऊन धाप लागते. मराठीत बोलताना याला छातीत पाणी होणे असे म्हणतात. क्षय, कर्करोग, न्यूमोनिया, हृदयविकार, यकृताचे व मूत्रपिंडाचे विकार अशा अनेक कारणांनी छातीत पाणी होऊ शकते.

पाणी झाले आहे एवढे ओळखण्याची साधने वैद्यांजवळ फार पूर्वीपासून होती. व्हिएन्नातील लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी छातीवर बोटांनी ठोकून आवाजावरून परीक्षा करण्याची रीत इ.स. १७६१ मध्ये प्रसिद्ध केली. फ्रान्सच्या रने लाएनेक यांनी इ.स. १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला. इ.स. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. सुई टोचून पाणी काढण्याची क्रियाही रूढ होती. तथापि, पाणी कशामुळे झाले या प्रश्नाचे उत्तर यांपैकी कोणतेही साधन खात्रीने देत नव्हते.

रॉबर्ट कॉख यांनी इ.स. १८८२ मध्ये क्षयाचे जंतू शोधून काढले, तरी फुप्फुसावरणाच्या क्षयाचे निदान सोपे झाले नाही. फुप्फुसक्षयाच्या रोग्याच्या बेडक्यात जंतू पुष्कळदा सापडतात. फुप्फुसावरणाच्या क्षयात मात्र बराचसा द्रव जंतूंविरुद्ध शरीराने दिलेल्या तीव्र प्रतिक्रियेमुळे जमतो आणि त्यात प्रत्यक्ष जंतू फार थोडे असतात. त्यामुळे काढलेले पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तरी जंतू क्वचितच दिसतात. रोगाची खूण पाण्यापेक्षा आवरणावर असते आणि ते आवरण तर फासळ्यांच्या आड दडलेले असते.

शरीराच्या पोकळ्यांत डोकावण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले होते. डब्लिनचे फ्रान्सिस क्रूझ यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीच्या छातीतील पुवाची पोकळी, तेथे आधीच असलेल्या छिद्रातून आपल्या दर्शकयंत्राने पाहिली. याचे वर्णन इ.स. १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु त्यातून कोणतीही परंपरा निर्माण झाली नाही. जर्मनीचे माक्सिमिलियान निट्से यांनी मूत्राशय आतून पाहण्यासाठी भिंगे आणि प्रकाशाची सोय असलेली नळी तयार केली. सिस्टोस्कोप किंवा मूत्राशयदर्शक या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र इ.स. १८७९ मध्ये, म्हणजे याकोबेउस यांच्या जन्माच्याच वर्षी, व्हिएन्नात सादर झाले. पुढे त्याच्या टोकाला विजेचा लहान दिवा बसवण्यात आला. इ.स. १९०१ मध्ये गेओर्ग केलिंग यांनी अशाच यंत्राने एका कुत्र्याचे पोट आतून पाहून दाखवले.

इ.स. १९१० चा निबंध

इ.स. १९१० मध्ये म्युनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात याकोबेउस यांचा जर्मन भाषेतील छोटा निबंध प्रसिद्ध झाला. मूत्राशयासाठी बनवलेले दर्शकयंत्र शरीरातील बंद पोकळ्यांच्या तपासणीसाठी वापरता येईल का, हा त्याचा विषय होता. मूत्राशयाकडे जाण्यास नैसर्गिक मार्ग असतो. पोटाच्या किंवा छातीच्या पोकळीला तो नसतो. म्हणून त्यांनी टोकदार पोकळ नळी, म्हणजे ट्रोकार, त्वचेतून आत घालून मार्ग केला आणि त्या नळीतून दर्शकयंत्र सरकवले. आतली हवा बाहेर निसटू नये म्हणून नळीला झडप होती. रोग्याला पूर्ण भूल न देता केवळ ती जागा बधिर केली जात असे.

या निबंधात पोटाच्या सतरा आणि छातीच्या दोन रोग्यांची नोंद होती. पोटाचे रोगी मुख्यतः जलोदराचे होते आणि छातीच्या दोघांना पाणी झालेले होते. आधी पाणी काढून त्याच्या जागी हवा भरली, की अवयव एकमेकांपासून सुटे होतात आणि दुर्बिणीला पाहण्यास मोकळी जागा मिळते. छातीच्या बाबतीत एक अडचण व एक सोय दोन्ही होत्या. हवा आत गेल्यावर फुप्फुस आकसते, ही अडचण. मात्र फासळ्यांचा पिंजरा ताठ असल्यामुळे पोकळी आपोआप उघडी राहते, ही सोय. पाण्यामुळे फुप्फुस आधीच दबलेले असल्याने अशा रोग्यांत ही तपासणी अधिक सुकर होती.

पुढील वर्षी त्यांनी शंभराहून अधिक तपासण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. पोट आणि छाती या दोहोंच्या दर्शनासाठी त्यांनी एक जोडनावही वापरले. त्यातूनच लॅपरोस्कोपी आणि थोरॅकोस्कोपी हे आज परिचित असलेले शब्द वैद्यकात स्थिरावले.

श्रेयाचा वाद

याकोबेउस यांचा निबंध प्रसिद्ध होताच केलिंग यांनी त्याच नियतकालिकातून आपला अग्रहक्क मांडला. प्राण्यांवरील प्रयोग आपण नऊ वर्षे आधी केला होता आणि माणसांवरही ही तपासणी केली होती, असे त्यांचे म्हणणे होते. प्राण्यांवरील प्रयोगाचे श्रेय केलिंग यांच्याकडेच जाते, याबद्दल दुमत नाही. मात्र माणसांवरील अनुभव रोग्यांच्या तपशिलासह मांडणे, पद्धत इतरांना शिकता येईल अशा रीतीने सांगणे आणि छातीच्या पोकळीपर्यंत ती नेणे हे कार्य याकोबेउस यांचे होय, असे वैद्यकाचे इतिहासकार सामान्यतः मानतात.

फुप्फुसावरणाच्या रोगांचे निदान

याकोबेउस यांनी पुढील वर्षांत छातीत पाणी झालेल्या रोग्यांची तपासणी चालू ठेवली आणि आवरणावर दिसणाऱ्या खुणांची रोगाशी सांगड घालण्याचा प्रयत्न केला. क्षय असेल तर आवरण लाल व सुजलेले दिसते, त्यावर बारीक फिकट दाणे विखुरलेले असतात आणि दोन पदरांमध्ये चिकट पट्टे तयार झालेले असतात. कर्करोगात बहुधा कमीअधिक आकाराच्या गाठी दिसतात. ज्या काळी असा भेद पुष्कळदा मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनातच कळत असे, त्या काळी तो जिवंतपणी पाहता येणे ही मोठी गोष्ट होती.

शल्यचिकित्सक आइनार की यांच्यासह त्यांनी छातीतील गाठींचे निदान व शस्त्रक्रिया यांविषयीचा अनुभव इ.स. १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. गाठ फुप्फुसात आहे, आवरणावर आहे की छातीच्या भिंतीत, हे शस्त्रक्रियेपूर्वी दुर्बिणीने ठरवता येते, हे त्यातून पुढे आले.

कृत्रिम वातवक्ष आणि पट्ट्यांचे छेदन

याकोबेउस यांचे नाव जगभर पोहोचले ते मात्र निदानामुळे नव्हे, तर उपचारामुळे. क्षयावर त्या वेळी औषध नव्हते. शुद्ध हवा, विश्रांती आणि सकस आहार यांवरच आरोग्यधामांतील उपचारांचा भर असे. इटलीचे कार्लो फोर्लानिनी यांनी इ.स. १८८२ मध्ये एक वेगळी कल्पना मांडली होती. फुप्फुस आणि छातीची भिंत यांमध्ये मुद्दाम वायू भरून रोगग्रस्त फुप्फुस दाबून ठेवावे, म्हणजे त्याला विश्रांती मिळेल आणि आतील पोकळ्या मिटून येतील, अशी ती कल्पना होती. या उपचाराला कृत्रिम वातवक्ष म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी तो सर्वत्र रूढ झाला.

या उपचारात एक मोठा अडसर होता. अनेक रोग्यांत फुप्फुस क्षयामुळे झालेल्या चिकट पट्ट्यांनी छातीच्या भिंतीला जखडलेले असे. वायू भरला तरी ते आकसत नसे. पोकळी ज्या भागात असे नेमका तोच भाग ताणलेला राही आणि उपचार वाया जाई. इ.स. १९१३ मध्ये याकोबेउस यांनी यावर उपाय सुरू केला. एका छिद्रातून दुर्बीण आणि दुसऱ्या छिद्रातून विजेने तापणारी तार आत घालून, डोळ्यांनी पाहत ते पट्टे डागून तोडीत. छाती उघडावी न लागता हे काम होत असे. ही क्रिया याकोबेउस शस्त्रक्रिया या नावाने ओळखली जाऊ लागली.

या क्रियेत धोके होते. पट्ट्यात रक्तवाहिनी असेल तर रक्तस्राव होई. पट्ट्यात फुप्फुसाचा भाग ओढला गेलेला असेल आणि तो डागला गेला तर फुप्फुसाला छिद्र पडून पोकळीत पू होण्याची भीती असे. कोणता पट्टा तोडावा आणि कोणता सोडून द्यावा, याचा निर्णय दुर्बिणीतून दिसणाऱ्या दृश्यावरच घ्यावा लागे. तरीही इ.स. १९२० ते १९५० या काळात युरोप, अमेरिका आणि अन्य देशांतील क्षयरोग आरोग्यधामांत ही शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर केली गेली. थोरॅकोस्कोपी म्हणजे पट्टे तोडण्याचे साधन, असाच समज या काळात दृढ झाला आणि तिचा निदानासाठी होणारा उपयोग मागे पडला.

अन्य संशोधन

इ.स. १९२१ मध्ये याकोबेउस यांनी पाठीच्या कण्यातील नलिकेत हवा भरून क्ष-किरण चित्राद्वारे तेथील गाठ शोधण्याच्या पद्धतीविषयी लेखन केले. इ.स. १९३२ मध्ये फ्रेंकनर आणि ब्यर्कमन या सहकाऱ्यांसह त्यांनी दोन्ही फुप्फुसांची कार्यक्षमता वेगवेगळी मोजण्याचे प्रयत्न प्रसिद्ध केले. एका फुप्फुसावर शस्त्रक्रिया करायची असेल तर दुसरे फुप्फुस एकट्याने श्वसनाचा भार पेलू शकेल का, हे आधी जाणण्यासाठी अशा मोजणीचा उपयोग होतो. कारोलिन्स्का संस्थेतर्फे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक दिले जाते. त्यासाठीच्या नोबेल समितीचेही ते सदस्य होते.

इ.स. १९३७ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. क्षयावरील पहिले परिणामकारक औषध त्यांच्या हयातीत निघाले नाही.

महाराष्ट्र आणि कोकणातील क्षयरोगाचा संदर्भ

याकोबेउस यांचे संशोधन ज्या काळातले आहे, त्याच काळात महाराष्ट्रातही क्षयरोग हा घरोघरच्या दुःखाचा विषय होता. अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचा इ.स. १८८७ मध्ये क्षयाने पुण्यात अंत झाला, तेव्हा त्यांना वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. रत्नागिरी जिल्ह्यातून हजारो माणसे मुंबईच्या कापडगिरण्यांत कामाला जात. दाटीच्या चाळी, कोंदट हवा आणि अपुरे अन्न यांमुळे शहरात क्षय फैलावे. दुखणे हाताबाहेर गेले की चाकरमानी गावी परतत असे आणि रोगही त्याच्याबरोबर गावात येत असे.

त्या काळी कोरडी व उंचावरची हवा क्षयाला मानवते, असा समज होता. त्यामुळे आरोग्यधामे सह्याद्रीच्या माथ्यावर किंवा पलीकडे उभी राहिली. पाचगणी येथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी इ.स. १९१२ मध्ये बेल-एअर आरोग्यधाम सुरू केले. मिरज येथे इ.स. १८९४ मध्ये रुग्णालय उभारणारे डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाचे क्षयरोग आरोग्यधाम जवळच्या वानलेसवाडीत उभे राहिले. किनाऱ्यावरील दमट हवेतल्या रोग्याला अशा ठिकाणी जायचे तर घाट चढून जावे लागे आणि महिनोन्‌महिने घरापासून दूर राहावे लागे. ज्याच्या मनिऑर्डरीवर घर चालत असे, त्याला हा खर्च परवडण्यासारखा नव्हता.

विस्मरण

इ.स. १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. याकोबेउस यांच्याच देशातील यॉर्गेन लेमान यांनी पॅरा-अमिनो सॅलिसिलिक आम्ल हे औषध क्षयावर उपयोगी असल्याचे दाखवले. इ.स. १९५२ मध्ये आयसोनायझिड वापरात आले. औषधांनी रोग बरा होऊ लागल्यावर फुप्फुस दाबून ठेवण्याची गरज उरली नाही. कृत्रिम वातवक्ष मागे पडला आणि त्याबरोबर पट्टे तोडण्याची शस्त्रक्रियाही संपली.

भारतातही चित्र बदलले. मद्रास येथे झालेल्या आणि इ.स. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने, घरी राहून औषधे घेणारे रोगी आरोग्यधामातील रोग्यांइतकेच चांगले बरे होतात, हे दाखवून दिले. या निष्कर्षाचा प्रभाव जगभरच्या क्षयरोग नियंत्रणावर पडला. भारतात इ.स. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. गावातल्या रोग्याला घर न सोडता उपचार मिळण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

उपचाराचे साधन म्हणून थोरॅकोस्कोपी संपली, पण निदानाचा मूळ प्रश्न औषधांनी सुटला नव्हता. उलट तो अधिक निकडीचा झाला. पूर्वी निदान काहीही झाले तरी उपाय थोडेच होते. आता क्षय असेल तर तो बरा करणारी औषधे होती. कर्करोग असेल तर मात्र त्याच औषधांच्या आशेवर रोग्याचे मोलाचे महिने वाया जाणार होते.

पुनरुज्जीवन

इ.स. १९५० नंतरच्या दशकात त्वचेवरून सुई घालून फुप्फुसावरणाचा तुकडा काढण्याची पद्धत आली. इ.स. १९५८ मध्ये एब्रम्स आणि कोप यांनी आपापल्या सुया प्रचारात आणल्या. सुई न पाहता घातली जात असल्याने रोग नेमक्या त्या जागी असेल तरच तुकड्यात सापडे. युरोपातील काही केंद्रांनी थोरॅकोस्कोपीचा निदानासाठी वापर टिकवून ठेवला होता. फ्रान्समध्ये मार्सेय येथील क्रिस्तियान बूतँ आणि जर्मनीत बर्लिन येथील रॉबर्ट लॉडेनकेम्पर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा प्रतिष्ठित केली.

लॉडेनकेम्पर यांच्या बर्लिनमधील अभ्यासात फुप्फुसावरणाच्या क्षयाच्या १०० रोग्यांपैकी ९४ जणांचे निदान थोरॅकोस्कोपीतून घेतलेल्या तुकड्यांवरून झाले. सुईने काढलेल्या तुकड्यांवरून हेच प्रमाण ३८ टक्के होते. क्षयाचे प्रमाण फार मोठे असलेल्या दक्षिण आफ्रिकेत इ.स. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थोरॅकोस्कोपीने क्षयाच्या सर्व रोग्यांचे निदान झाले, तर सुईने काढलेल्या तुकड्याची ऊतिपरीक्षा आणि जंतुसंवर्धन मिळून सुमारे ७९ टक्के रोग्यांचे झाले. ज्या प्रदेशात क्षय पुष्कळ आहे, तेथे साधी व स्वस्त सुईही बरेच काम भागवते, हेही या आकड्यांवरून दिसते.

सध्याची पद्धत

आजची थोरॅकोस्कोपी याकोबेउस यांच्या पद्धतीहून तत्त्वतः वेगळी नाही. रोग्याला निरोगी कुशीवर निजवतात. गुंगीचे औषध देऊन फासळ्यांमधली जागा बधिर करतात आणि काखेखालच्या भागात सुमारे एक सेंटिमीटरचा छेद घेऊन त्यातून नळी आत घालतात. पाणी शोषून काढल्यावर हवेने मोकळ्या झालेल्या पोकळीत दुर्बीण फिरवून आवरण पाहतात. पूर्वी एकट्या डॉक्टरच्या डोळ्याला दिसणारे दृश्य आता कॅमेऱ्यामुळे पडद्यावर सर्वांना दिसते. पूर्णतः ताठ अशा दुर्बिणीबरोबरच टोकाला वळणारी दुर्बीणही वापरली जाते.

क्षयात आवरणावर विखुरलेल्या फिकट दाण्यांना साबुदाण्याची उपमा वैद्यकीय लेखनात दिली जाते. तथापि, केवळ दृश्यावरून निर्णय करत नाहीत. चिमट्याने संशयास्पद जागेचे अनेक तुकडे घेतात. त्यांपैकी काही सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी व काही जंतू वाढवून पाहण्यासाठी पाठवतात. जंतू वाढले तर कोणत्या औषधाला ते दाद देत नाहीत हेही कळते. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या काळात याचे मोल विशेष आहे. शेवटी छातीत नळी ठेवतात आणि फुप्फुस पुन्हा फुगले की ती काढतात.

मर्यादा

छातीत पाणी झालेल्या प्रत्येक रोग्याला थोरॅकोस्कोपीची गरज नसते. प्रथम क्ष-किरण चित्र किंवा सोनोग्राफी करून सुईने पाणी काढतात. त्यातील पेशी, प्रथिने आणि अ‍ॅडिनोसिन डिअमिनेज या विकराचे प्रमाण पाहतात. तरुण रोग्याच्या पाण्यात लसिकापेशी अधिक असतील आणि हे विकर वाढलेले असेल, तर भारतासारख्या देशात पुष्कळदा क्षयाचे निदान गृहीत धरून सहा महिन्यांची औषधयोजना सुरू करतात. जंतूंच्या जनुकांवर आधारित जलद चाचणी बेडक्यासाठी अतिशय उपयुक्त आहे. छातीतील पाण्यात जंतू थोडे असल्याने तेथे मात्र ती पुष्कळदा निरुपयोगी ठरते आणि तिचे उत्तर नकारार्थी आले म्हणून क्षय नाही असे म्हणता येत नाही.

या चाचण्यांतून उत्तर मिळाले नाही, रोगी वयस्क असून कर्करोगाची शंका असली किंवा औषधे चालू असूनही सुधारणा होत नसली, तर थोरॅकोस्कोपीचा विचार करतात. रक्तस्राव, ताप, जंतुसंसर्ग, फुप्फुसातून हवा गळत राहणे आणि त्वचेखाली हवा साचणे हे तिचे संभाव्य उपद्रव आहेत. आवरणाचे पदर पूर्णपणे चिकटलेले असतील तर दुर्बिणीला वाव राहत नाही. उपकरणे आणि प्रशिक्षित तज्ज्ञ यांची गरज असल्याने ही तपासणी मुख्यत्वे वैद्यकीय महाविद्यालये आणि मोठी रुग्णालये येथे होते. रत्नागिरीसारख्या डोंगराळ व विखुरलेल्या वस्तीच्या जिल्ह्यातील रोग्याच्या दृष्टीने तपासणीचे ठिकाण किती दूर आहे, ही बाबही निदान वेळेवर होण्याशी निगडित आहे.

वारसा

पित्ताशय, आंत्रपुच्छ किंवा गर्भाशय यांच्या आज सर्रास होणाऱ्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांचा उगम इ.स. १९१० च्या निबंधापर्यंत मागे नेता येतो. इ.स. १९९० नंतर कॅमेऱ्याच्या साहाय्याने छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियाही लहान छिद्रांतून होऊ लागल्या. दोन छिद्रे पाडून एकातून पाहायचे आणि दुसऱ्यातून काम करायचे, ही याकोबेउस यांनी इ.स. १९१३ मध्ये वापरलेली रचना या शस्त्रक्रियांचाही पाया आहे.

ज्या उपचारामुळे याकोबेउस यांचे नाव त्यांच्या काळी झाले, तो कालबाह्य झाला आहे. फुप्फुसावरण प्रत्यक्ष पाहून पाण्याचे कारण ठरवण्याची त्यांची मूळ पद्धत मात्र, अन्य चाचण्यांतून निदान न झालेल्या रोग्यांसाठी आजही जगभर वापरली जाते.